जांभ्यातलं गॉथिक

25 नोव्हेंबर ही तारीख आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात तीनदा येते. 1510 मध्ये या दिवशी पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवं दुसऱ्यांदा आणि कायमचं जिंकलं. तो संत कॅथरीनचा सण होता. त्याने विजयाचं श्रेय तिला दिलं आणि पुढे जुन्या गोव्याचं सर्वांत मोठं चर्च तिच्याच नावाने उभं राहिलं. 1664 मध्ये याच तारखेला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. आणि 2006 मध्ये याच दिवशी रोमहून पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी गोव्याच्या आर्चबिशपांचा नवा प्रांत जाहीर केला. पुणे धर्मप्रांतातून 2005 मध्ये वेगळा झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत त्यामुळे या प्रांतात आला. मधल्या काळात युरोपचं कॅलेंडरच बदललं, तेव्हा या तारखांमध्ये योगायोगापलीकडे काही शोधायला जाऊ नये. पण शेवटच्या तारखेमुळे एक गोष्ट नोंदली जाते. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणच्या ख्रिस्ती घरांचं आजचं महामंदिर म्हणजे जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल.

बाकीच्या सिंधुदुर्गालाही ते परकं नाही. 3 डिसेंबरच्या फेस्ताला इथून सर्व धर्मांची माणसं ‘गोंयच्या सायबा’च्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जातात. मेणबत्ती लावतात, खाजं घेतात, परत येतात. इमारतींकडे मात्र सहसा पर्यटकाच्या नजरेनेच पाहिलं जातं. पोर्तुगीज आले, त्यांनी त्यांच्याकडची चर्चेस इथे उभारली आणि गेले, असा एक सरसकट समज त्या नजरेमागे असतो.

तो समज अर्धाच खरा आहे. युरोपच्या मध्ययुगाने घडवलेली सर्वांत धाडसी बांधकामाची रीत म्हणजे गॉथिक. तिची अगदी शेवटची लाट पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्याला लागली. इथे तिची गाठ पडली ती जांभ्याच्या चिऱ्याशी, शिंपल्यांच्या चुन्याशी आणि मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसाशी. राजाने काय हुकूम दिला आणि धर्मगुरूने काय नकाशा आणला याहून इमारतीचं रूप ठरवलं ते या तिघांनी. आणि ती टिकणार की पडणार, हे ठरवलं दर वर्षी तिची डागडुजी करणाऱ्या माणसांनी. हे दोन्ही धडे जुन्या गोव्यात डोळ्यांनी पाहता येतात. आपल्या गावच्या देवळांसाठी त्यातला दुसरा धडा फार महत्त्वाचा आहे.

उजेडासाठी केलेलं धाडस

गॉथिकचा जन्म सांगायचा तर 11 जून 1144 हा दिवस सांगतात. पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनी इथल्या मठाचे प्रमुख सुजे यांनी आपल्या चर्चचा नव्याने बांधलेला पूर्वेचा भाग त्या दिवशी देवाला अर्पण केला. सुजे यांना हवा होता उजेड. तोवरच्या चर्चच्या भिंती जाड, कमानी अर्धगोल आणि खिडक्या लहान असत, कारण दगडी कमानीचं छत नुसतं खाली दाबत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटतं. तो रेटा सोसायला भिंत जाड हवी आणि जाड भिंतीला मोठी भोकं पाडली की ती कमजोर होते.

गॉथिक गवंड्यांनी या अडचणीवर तीन उपाय एकत्र केले. पहिला, टोकदार कमान. ती अर्धगोल कमानीपेक्षा वजन अधिक सरळ खाली उतरवते, त्यामुळे बाजूचा रेटा कमी होतो. दुसरा, छताला दगडी फासळ्या. उपड्या घातलेल्या होडीच्या आतून जशा फासळ्या दिसतात, तशा त्या छताखालून एकमेकींना छेदत जातात आणि छताचा भार चार कोपऱ्यांतल्या खांबांवर आणून सोडतात. तिसरा, खांबांवर आलेला उरलासुरला रेटा पेलायला इमारतीच्या बाहेरून दिलेले तिरप्या कमानींचे टेकू. भार असा ठरावीक वाटांनी जमिनीत गेला की मधल्या भिंतीला काही काम उरत नाही. मग ती काढून टाकायची आणि तिथे रंगीत काच बसवायची. यातले सगळेच उपाय त्यांचे स्वतःचे शोध नव्हते. टोकदार कमान तर इस्लामी वास्तूंत कितीतरी आधीपासून होती. तिघांची एकत्र सांगड घालणं, हे त्यांचं कर्तृत्व.

पुढची दीडशे वर्षं फ्रान्समधली शहरं उंचीच्या चढाओढीत उतरली. पॅरिसच्या नोत्र दामचं काम 1163 मध्ये सुरू झालं. शार्त्रचं जुनं कॅथेड्रल 1194 मध्ये जळालं आणि नव्याचा मुख्य भाग पुढच्या पंचवीसेक वर्षांत उभा राहिला. बोव्हेच्या लोकांनी छत 48 मीटरवर नेलं. ते 1272 मध्ये पुरं झालं आणि 1284 मध्ये कोसळलं. जर्मनीतल्या कोलोनचं कॅथेड्रल 1248 मध्ये सुरू होऊन 1880 मध्ये संपलं.

या सगळ्या धाडसाखाली एक गोष्ट गृहीत होती, ती म्हणजे दगड. पॅरिसच्या परिसरातला चुनखडक छिन्नीला वश होणारा, तरी बारीक फासळीतही भार पेलणारा. पाथरवटाने त्यात पान कोरलं तर शतकांनंतरही त्याच्या शिरा मोजता येतात. आणि पॅरिसला वर्षभरात पाऊस पडतो साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे तेवढा एखाद्या जोरदार आषाढात पडून जातो.

व्यापाराच्या पैशातलं शेवटचं गॉथिक

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर ब्रुनेलेस्कीचा घुमट 1436 मध्ये चढला आणि इटली गॉथिकपासून दूर निघाली. पोर्तुगाल मात्र अजून गॉथिकमध्येच रमलेला होता. कास्तीलवरच्या 1385 च्या विजयानंतर पुढल्या वर्षी सुरू झालेला बाताल्याचा मठ हे त्या देशातलं गॉथिकचं शिखर. शतकभराने राजा मानुएल गादीवर आला. 1495 ते 1521 ही त्याची कारकीर्द आणि याच काळात वास्को द गामा कालिकतला पोचला.

त्या कारकिर्दीत गॉथिकने एक खास पोर्तुगीज रूप घेतलं. राजाच्या नावावरून त्याला मानुएलाइन म्हणतात. हाडं गॉथिकचीच, म्हणजे फासळ्यांची छतं आणि उंच खांब. अंगावरचे दागिने मात्र समुद्राचे. पीळ घातलेले दगडी दोरखंड, नांगर, पोवळी आणि नौकानयनात वापरायचा कड्यांचा खगोल. तो खगोल मानुएलचं राजचिन्हच होता. लिस्बनजवळ बेलें इथला जेरोनिमुस मठ हा या शैलीचा मुकुटमणी. त्याचं काम सोळाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत सुरू झालं आणि खर्चासाठी राजाने आफ्रिका व हिंदुस्थानच्या व्यापारावरच्या पाच टक्के कराचं उत्पन्न लावून दिलं. म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापारानेही युरोपातल्या अखेरच्या मोठ्या गॉथिक कामांपैकी एक उभं केलं. आपल्या मुलखाचा गॉथिकशी पहिला संबंध आला तो असा, बांधकामाच्या आधी पैशातून.

हीच माणसं 1510 मध्ये मांडवीच्या काठी उतरली. बांधायला बसली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बेलें होतं. पायाखाली होता जांभा.

चिरा काय करू देतो

जांभ्याला शास्त्रीय नाव मिळालं ते फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज कंपनीच्या डॉक्टराकडून. 1807 मध्ये त्याच्या मलबारच्या प्रवासाचं वर्णन छापून आलं, त्यात त्याने या दगडाची नोंद केली. कोकणातल्या माणसाला त्याच्या नोंदीची गरज नव्हती. चिरेखाणीत ओला चिरा हाताने तासता येतो, ऊन-वारा लागला की तो कडक होतो आणि घराची भिंत त्याच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, हे इथे पोरालाही ठाऊक असतं.

पण चिऱ्याचे दोष मोठे आहेत. तो अंगभर छिद्रांचा आहे, त्यामुळे पाणी पितो. दाब सोसतो, पण काळ्या दगडाच्या मानाने खूपच कमी. आणि त्यात बारीक कोरीव काम होत नाही. छिन्नी लावावी तिथे भोक निघतं किंवा कोपरा ढासळतो. वीतभर रुंदीच्या लांब फासळीवर छताचा भार टाकायचा, तर हा दगड त्या कामाचा नव्हे. तिरप्या कमानींचे टेकू उघड्यावर ठेवायचे, तर तीन हजार मिलिमीटर पावसात त्यांचं काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून चिऱ्याचं बांधकाम नेहमी दोन गोष्टी मागतं, भिंतीची जाडी आणि वरून चुन्याचा गिलावा. पूर्वी चुना शिंपल्यांचा असे. खाडीतले शिंपले भट्टीत भाजायचे, विझवायचे आणि तो चुना वाळूसह घाणीत मळायचा. काही ठिकाणी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणीही घालत. हा गिलावा पाणी पूर्ण अडवत नाही. थोडं आत घेतो आणि ऊन पडलं की बाहेर सोडतो. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. दर एक-दोन वर्षांनी वरून चुन्याचा हात दिला की आतला चिरा सुरक्षित राहतो.

कोरीव काम हवंच असेल तर दगड बाहेरून आणावा लागे आणि ही रीत पोर्तुगीजांच्या आधीची आहे. शार्त्र उभं राहत होतं त्याच सुमाराला, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकात, गोव्यात कदंबांच्या राजवटीत तांबडी सुर्लाचं महादेव मंदिर बांधलं गेलं. ते काळ्या बसाल्टचं आहे. आसपास जांभा असताना तो दगड घाटापलीकडून आणला असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणूनच त्याच्या छतातलं कमळ आजही पाकळी न् पाकळी दाखवतं. पोर्तुगीजांनी नंतर हेच केलं. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस चर्चच्या दर्शनी भागावरचं नक्षीकाम ज्या बसाल्टात आहे, तो वसईहून समुद्रमार्गे आणलेला आहे.

मोंते सांतोवरची फासळी

जुन्या गोव्याला येणाऱ्या गाड्या दोन मोठ्या चर्चच्या मधल्या तळावर थांबतात आणि माणसं तिथूनच परततात. पश्चिमेच्या टेकडीवर, मोंते सांतोवर, फार कोणी चढत नाही. तिथलं रोझरी मातेचं चर्च हे गोव्यात उभं असलेल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी एक. 1510 च्या लढाईत अल्बुकर्कने या टेकडीवरून रणांगणावर नजर ठेवली, तिथे चर्च बांधण्याचा नवस केला, असं सांगतात. आजची इमारत 1540 च्या दशकातली.

लांबून ती चर्चपेक्षा गढीच वाटते. खिडक्या लहान आणि उंचावर, कोपऱ्यांना गोल बुरूज. दोन मजली देवडीच्या बाजूंनाही तसेच बुरूज आणि त्यांच्या अंगाभोवती गिलाव्यात काढलेला पीळदार दोर. मानुएलाइनची ती खूण. बेलेंला हाच दोर चुनखडकात कोरलेला आहे. इथे चिऱ्याने नकार दिला म्हणून तो चुन्यात आला.

आत गेल्यावर मान वर करावी. चर्चच्या लांब दालनावर वासे आहेत आणि वाशांवर कौलं, आपल्या कुठल्याही मोठ्या घराला असतात तशी. फासळ्यांचं छत आहे ते मुख्य वेदीच्या वर. एवढ्या लहान चौकोनावर गवंड्यांना फासळ्या पेलवल्या. लांब दालनावर मात्र त्यांनी कोकणाचं ऐकलं. गॉथिक आणि कोकण यांच्यात झालेला करारच जणू त्या छतावर लिहिला आहे. देवाच्या डोक्यावर युरोपची रीत आणि माणसांच्या डोक्यावर कौलं.

वेदीच्या बाजूला कातारिना आ पिरो हिचं स्मारक आहे. पोर्तुगालहून हिंदुस्थानात आलेल्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. तिचा नवरा गार्सिया द सा हा गव्हर्नर. त्याचंही दफन याच चर्चमध्ये 1549 मध्ये झालं. तिच्या स्मारकावरची वेलबुट्टी युरोपची नाही, तिच्यावर गुजरातच्या कारागिरीची छाप स्पष्ट आहे. चाळीस वर्षांच्या आत इथला हात त्यांच्या थडग्यावरही उमटला होता.

मानुएलाइनचा आणखी एक तुकडा खाली, संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चला आहे. 1521 चं मूळ चर्च पाडून 1661 मध्ये नवं बांधलं, पण दरवाजा तेवढा जुना ठेवला. दरवाजा काळ्या दगडाचा आहे, म्हणून कोरीव आहे. त्यावर मानुएलचे कड्यांचे खगोल आजही दिसतात. चिऱ्याच्या भिंतीत बसवलेला हा बाहेरचा दगड पाहिला की आधी सांगितलेला नियम पुन्हा सिद्ध होतो.

से कॅथेड्रल: जाडीचा विजय

कॅथेड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं मुख्य चर्च. गोव्याला हा मान 1534 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी दिला, तेव्हा तो संत कॅथरीनच्या साध्या प्रार्थनाघराला मिळाला होता. ते 1510 मध्येच घाईने बांधलेलं होतं. आज उभं असलेलं से कॅथेड्रल त्याच्या शेजारीच आहे. राजा सेबास्तियनच्या काळात 1562 मध्ये काम सुरू झालं, 1619 मध्ये इमारत पुरी झाली, 1640 मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली आणि वेदींचं काम 1652 पर्यंत चाललं. सुरुवात करणाऱ्या गवंड्यांपैकी कोणी शेवट पाहिला नसणार. युरोपातल्या कॅथेड्रलच्या मानाने हा काळ काहीच नाही.

ते सुरू होईपर्यंत गॉथिक पोर्तुगालमध्येही मागे पडलं होतं. दर्शनी भाग रोमन वळणाचा साधा आणि आतले खांब ग्रीक-रोमन पद्धतीचे. लांबी 76 मीटर, रुंदी 55 मीटर आणि दर्शनी भागाची उंची 35 मीटर. आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होते. तरी गॉथिकचा धागा इथेही पूर्ण तुटला नाही. मुख्य दालनावर अर्धगोल कमानीचं लांब छत आहे. पण लांब दालन आणि आडवं दालन जिथे एकमेकांना छेदतात, तिथे वर फासळ्या आहेत. रोझरी चर्चमध्ये वेदीवर होत्या, त्याच इथे चौकात आल्या.

एवढ्या रुंद छताचा रेटा कोण पेलतं, हे समजून घ्यायचं तर बाजूच्या दालनांत उभं राहून मधल्या मोठाल्या खांबांकडे पाहावं. त्यांच्यापलीकडे दोन्ही अंगांना चार-चार कपेलांची, म्हणजे लहान प्रार्थनाघरांची रांग आहे. कपेलांमधल्या आडव्या भिंती म्हणजेच इथले टेकू. फ्रान्समध्ये जे टेकू उघड्यावर हवेत तरंगतात, ते इथे इमारतीच्या पोटात घेतले आहेत. वर छप्पर आणि अंगावर गिलावा असल्याने पाऊस त्यांना शिवत नाही. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात याला गॉथिक म्हणणार नाहीत. पण गॉथिकने मांडलेला प्रश्न तोच आहे. त्याला कोकणाने दिलेलं उत्तर म्हणजे हे चर्च.

उजेडाचा प्रश्नही इथे वेगळा सुटला. उत्तर फ्रान्समध्ये ऊन दुर्मीळ, म्हणून तिथल्या चर्चला काचांच्या भिंती हव्याशा झाल्या. आपल्याकडे ऊन आवरायचं असतं. गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये आणि घरांत खिडक्यांना काचेऐवजी पातळ चपट्या शिंपल्यांची तावदानं बसवत. त्यातून येतो तो दुधी, मऊ उजेड. सँ-दनीच्या रंगीत उजेडाचा हा किनाऱ्यावरचा भाऊबंद.

पूर्वी दर्शनी भागाला दोन मनोरे होते. उत्तरेकडचा 1776 मध्ये कोसळला आणि पुन्हा कधी बांधला नाही. राहिलेल्या मनोऱ्यात कुंकळ्ळीला 1652 मध्ये ओतलेली मोठी घंटा आहे. आवाजाच्या गोडव्यावरून तिला सोन्याची घंटा म्हणतात. संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव दर दहा वर्षांनी दर्शनासाठी बॉम जीझसमधून याच कॅथेड्रलमध्ये आणतात. 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंतचं दर्शन इथेच झालं.

कोरीव काम लाकडात गेलं

से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीमागे छतापर्यंत गेलेली सोनेरी चौकट आहे. तिच्यात संत कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरले आहेत. ते सगळं लाकूड आहे, वर सोन्याचा वर्ख. गॉथिक कॅथेड्रलची मूर्तिकला दारावर, दगडात, बाहेर असते. गोव्यात ती आत गेली आणि लाकडात उतरली. चिरा कोरता येत नव्हता, पाऊस बाहेर काही टिकू देत नव्हता, पण घाटाखालच्या रानात साग आणि फणस भरपूर होता आणि लाकूड कोरणारे हातही होते.

ते हात बहुतांशी हिंदू कारागिरांचे. हिंदूंकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घेऊ नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात गोव्यात निघाले. हुकूम काढावे लागले, यावरूनच काम कोणाकडे जात होतं ते कळतं.

आता सिंधुदुर्गातलं कुठलंही जुनं देऊळ आठवा. गाभारा चिऱ्याचा, जाड भिंतींचा, चुन्याने लिंपलेला आणि नक्षीला जवळजवळ पारखा. पुढे सभामंडप, त्याला लाकडी खांब आणि तुळया. कोरलेलं जे काही आहे ते इथे, कौलांच्या उतरत्या छपराखाली. कारण तेच आहे, दगड आणि पाऊस. वेदीमागची सोनेरी चौकट आणि गावदेवीच्या सभामंडपातला कोरीव खांब एकाच अडचणीतून जन्मले.

हे गोडीगुलाबीने घडलं असं मात्र कोणी समजू नये. 1540 मध्ये तिसवाडीच्या बेटांवरची देवळं पाडली गेली. 1560 च्या दशकात साष्टीच्या देवांना घेऊन माणसं रात्रीतून नदी ओलांडत अंत्रुजात आली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. अनेक घराणी उत्तरेला, आपल्या बाजूला सरकली. जुन्या गोव्यात संत काजेतान चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याचं दार उभं आहे. त्याच्या काळ्या खांबांवरची नक्षी देवळाची आहे. एकाची वास्तू मोडून दुसऱ्याने बांधायचं, हा व्यवहार या किनाऱ्यावर एकापेक्षा जास्त राजवटींनी केला.

तरी कारागिराच्या हाताला राजवटीची भिंत नसते. दिवाडीहून हलवलेला सप्तकोटेश्वर नार्वे इथे वसला होता. सिंधुदुर्ग पुरा झाल्यावर पुढच्याच वर्षी, 1668 च्या नोव्हेंबरात, शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करवला. दारावरचा शिलालेख तसं सांगतो. कौलारू उतरतं छप्पर, अष्टकोनी बैठकीवर घुमट आणि चर्चच्या दालनाची आठवण यावी असा लांब मंडप, असं ते देऊळ झालं. कवळ्याचं शांतादुर्गेचं आजचं मंदिर छत्रपती शाहूंच्या काळात उभं राहिलं, ते नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने. नारोराम मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे. त्या मंदिराचे अर्धस्तंभ आणि कमानींच्या खिडक्या जुन्या गोव्यातल्या चर्चची भाषा बोलतात. चर्च बांधताना शिकलेलं कारागिरांनी देवळात वापरलं आणि देवळातलं चर्चमध्ये.

सात पावसाळे

मोंते सांतोवरच रोझरी चर्चच्या समोर एक उंच, एकाकी भिंत उभी आहे. ऑगस्टीन संघाच्या चर्चच्या मनोऱ्याचा हा उरलेला भाग. 1602 मध्ये हे चर्च पूर्ण झालं, तेव्हा मनोऱ्याची उंची 46 मीटरच्या आसपास होती. पोर्तुगालमधल्या सरकारने धार्मिक संघ बंद केल्यावर 1835 मध्ये मठ रिकामा झाला. 1842 मध्ये छत कोसळलं. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग गेला.

1835 ते 1842 म्हणजे सात पावसाळे. दोनशेहून जास्त वर्षं उभं राहिलेलं कमानीचं छत सात पावसाळ्यांची हेळसांड सोसू शकलं नाही. कौल सरकलं, पाणी आत शिरलं, गिलावा सुटला, चिरा भिजला, झाड रुजलं. कोकणात पडकं घर पाहिलेल्या माणसाला यातली प्रत्येक पायरी ओळखीची आहे. आणि समोरचं रोझरी चर्च, निम्म्या शतकाने आधीचं असूनही, छप्पर डोक्यावर राहिलं म्हणून आजही उभं आहे.

बॉम जीझसची गोष्ट याहून बोलकी. 1605 मध्ये प्रतिष्ठापना झालेलं हे चर्च मूळचं गिलावा केलेलं, पांढरं होतं. 1950 च्या दशकात पोर्तुगीज राजवटीतल्या एका वास्तुतज्ज्ञाने जुनेपणा उठून दिसावा म्हणून बाहेरचा गिलावा काढून टाकला. आज लाखो फोटोंत दिसणारा तो तांबडा चिरा म्हणजे चर्चची सोललेली कातडी. तेव्हापासून पाऊस थेट दगडावर पडतो आहे. पुन्हा गिलावा करावा की लोकांच्या ओळखीचं झालेलं तांबडं रूप ठेवावं, यावर वाद चालू आहे. चिऱ्याची प्रकृती विचारात घेतली, तर चुन्याच्या बाजूचं पारडं जड आहे.

1986 मध्ये या चर्चेसना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण दर्जा छपरावर चढत नाही, माणूस चढतो. स्ट्रासबर्ग आणि कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये आजही पगारी पाथरवट आहेत. जुने दगड तपासणं आणि झिजलेले बदलणं हेच त्यांचं रोजचं काम. नोत्र दाम 2019 च्या एप्रिलमध्ये जळालं आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं, ते अशी विद्या हातात असलेले सुतार आणि पाथरवट फ्रान्समध्ये शिल्लक होते म्हणून. गोव्यात चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारी फाब्रिका आणि देवळांचे महाजन ही त्याच जातीची व्यवस्था. आपल्याकडे बारापाच मानकरी आणि गावरहाटी होती. शाकारणी कोणी करायची, चुना कोणी द्यायचा, तुळई बदलायची तर झाड कोणाच्या रानातलं, हे ठरलेलं असे.

जीर्णोद्धार समितीला

आज सिंधुदुर्गात देवळांच्या जीर्णोद्धाराचा हंगाम आहे. मुंबईची गाववाले मंडळी वर्गणी देतात, उत्साहही मोठा असतो. पण अनेक ठिकाणी जीर्णोद्धार म्हणजे जुना सभामंडप उतरवायचा, कोरीव खांब कुठेतरी पडवीत टाकायचे आणि त्या जागी स्लॅब, टाइल्स आणि सिमेंटचं शिखर. चिऱ्याच्या गाभाऱ्याला बाहेरून सिमेंटचा गिलावा होतो. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं. ओल आणि क्षार दगडातच राहतात, काही वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि सोबत चिऱ्याचा पृष्ठभागही घेऊन जातात. बॉम जीझसचा गिलावा काढून जी चूक झाली, तीच आपण चुकीचा गिलावा चढवून करतो आहोत.

म्हणून दिवाळीनंतर गावच्या बैठकीत जीर्णोद्धाराचा विषय निघेल तेव्हा चार गोष्टींचा आग्रह धरा. काहीही उतरवण्याआधी देवळाची मोजमापं घ्या आणि प्रत्येक खांबाचा, तुळईचा फोटो काढून ठेवा. चिऱ्यावर चुनाच लावा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी अजून मिळतो, मात्र त्याच्यासोबत दोन तरुण पोरं शिकायला ठेवा. कुजलेला खांब बदला, पण धडके खांब जागेवर राहू द्या. आणि वर्गणीतला एक हिस्सा बांधकामात न घालता दरवर्षीच्या शाकारणीसाठी बँकेत ठेवा. नवं शिखर एकदाच बांधलं जातं आणि त्यावर देणगीदारांची पाटी लागते. छप्पर मात्र दर मे महिन्यात पाहावं लागतं आणि त्याची पाटी कोणी लावत नाही. ऑगस्टीनचं छत सात पावसाळ्यांत पडलं. आपल्या देवळाकडे कोणी लक्ष दिलं नाही तर तेही त्याहून जास्त टिकणार नाही.